एका मानशीभोवती सात दिवस

गोव्यात झुवारी नदीच्या काठी, खाजन शेतीच्या, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतीच्या, बांधात एक लाकडी दार बसवलेले आहे. त्याला मोटार नाही, वीज नाही, आणि उघडमीट करण्यासाठी दर भरतीला तिथे माणूस उभा राहत नाही. ओहोटीला नदीची पातळी उतरली की शेतात साठलेले पाणी दाराला बाहेर ढकलून वाहून जाते. भरती चढू लागली की नदीचेच पाणी ते दार चिऱ्यांच्या चौकटीवर दाबून धरते आणि खारे पाणी आत शिरू देत नाही. गोव्यात या रचनेला मानस म्हणतात. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गावकऱ्यांनी चिखल, चिरे आणि लाकूड यांच्या आधारे नदीकडून मिळवलेली ही जमीन सांभाळली आहे, आणि गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक कारभाराच्या, ज्या रूढी १५२६ सालच्या फोराल या पोर्तुगीज सनदेत लिहून ठेवल्या गेल्या, त्या रूढींमागे अशा बांधांची सामाईक राखण होती.

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांसाठी सात दिवसांचे अभियांत्रिकी शिबिर भरवायचे ठरले, तर त्याच्या मध्यभागी हे दार असावे, असा आमचा आग्रह आहे.

हा आग्रह धरण्याचे कारण सांगितले पाहिजे. अशा शिबिरांचे वेळापत्रक बहुधा सोमवारी धावणारी गाडी, मंगळवारी पंखा, बुधवारी यंत्रमानव, गुरुवारी रॉकेट अशा क्रमाने लावलेले असते, आणि प्रत्येक दिवसाची एक तयार पेटी बाजारातून आणलेली असते. पेटीतले सुटे भाग एकाच प्रकारे जुळतात, म्हणून प्रत्येक मुलाची वस्तू चालते, प्रत्येक मूल आनंदाने घरी जाते. मात्र त्या दिवसभरात कोणता पदार्थ वापरावा, किती जाड घ्यावा, कुठे बांधावा, फसले तर काय बदलावे, यांपैकी एकही निर्णय त्याला घ्यावा लागलेला नसतो. अभियंत्याचे काम तर या निर्णयांचेच असते. म्हणून सात दिवसांना सात वस्तू न देता सात दिवसांना एकच प्रश्न द्यावा, आणि तो प्रश्न सुटायला खरोखर सात दिवस लागतील इतका अवघड असावा.

प्रश्न असा. प्लॅस्टिकच्या एका लांबट टबाच्या मधोमध पाणी न झिरपणारी आडभिंत घालायची; एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला शेत. भिंतीत तळहाताएवढे भोक ठेवायचे आणि त्यावर मुलांनी स्वतः बनवलेले दार बसवायचे. नदीच्या बाजूचे पाणी बादलीने चढवले की दाराने आपोआप मिटले पाहिजे, उतरवले की आपोआप उघडले पाहिजे. मोजमाप दोनच गोष्टींचे करायचे: भरती दहा मिनिटे टिकवून ठेवली तर शेताच्या बाजूला किती मिलिलिटर पाणी गळले, आणि ओहोटीत शेताचे पाणी निघून जायला किती वेळ लागला. या दोन मागण्यांची आपसात ओढाताण होते. कडेला जाड रबर लावले की गळती कमी होते, पण दार ताठ होऊन थोड्याशा पाण्याने उघडत नाही. दार हलके व सैल केले की झटकन उघडते, पण भरतीला कडेने पाणी सोडते. याचे एकच बरोबर उत्तर नाही, आणि प्रत्येक गटाला आपला मध्य स्वतःच शोधावा लागतो. शिबिरासाठी हा प्रश्न निवडण्याचे मुख्य कारण तेच आहे.

आता तारखा. इथे शाळेच्या दिनदर्शिकेइतकेच पंचांगही पाहावे लागते. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी मुलांना खरी मानस दाखवायची असेल, तर ती उघडी असताना आणि मिटताना दोन्ही वेळा दिसली पाहिजे, आणि तेही ऊन चढण्यापूर्वी. कोकणपट्टीतल्या जुन्या हिशेबाप्रमाणे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळ मानाने मिळते; चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. भरती आणि ओहोटी यांच्यात सुमारे सहा तासांचे अंतर असते, म्हणजे तृतीयेला किंवा चतुर्थीला सकाळी आठ-नऊच्या सुमारास पाणी पूर्ण उतरलेले असते आणि त्यानंतर चढू लागते. नदीत आत जावे तशी ही वेळ आणखी थोडी पुढे सरकते. तेव्हा शिबिराचा दुसरा दिवस तृतीया-चतुर्थीला येईल असा सप्ताह निवडावा, आणि तो मेच्या पहिल्या पंधरवड्यात असावा, कारण गोव्यात मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात येत असला तरी मेच्या उत्तरार्धातल्या वळवाच्या सरींबरोबर विजाही कडाडतात. आयोजकांनी भेटीच्या आठवडाभर आधी त्याच जागी जाऊन, घड्याळ हातात घेऊन, दार नेमके केव्हा मिटते ते पाहून यावे. कागदावरच्या वेळेवर मुलांची बस सोडू नये.

वय अकरा ते तेरा ठेवावे. याहून लहान मुले मोजमापाच्या नोंदींना कंटाळतात, आणि याहून मोठ्यांना दहावीचे वर्ग बोलावत असतात. चौघांचा एक गट असावा आणि अशा सहा गटांहून जास्त मुले घेऊ नयेत. प्रत्येक गटाशी एक मोठा माणूस हवा. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांमधले विद्यार्थी या कामासाठी उत्तम, परंतु त्यांना आधी एक गोष्ट निक्षून सांगावी लागते, ती अशी की मुलांच्या हातातले काम स्वतःच्या हातात घ्यायचे नाही. गटात चार कामे असतात: कापणे, जोडणे, मोजणे आणि लिहिणे. ही कामे रोज बदलावीत आणि त्या बदलाचा तक्ता भिंतीवर लावावा. तक्ता नसेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत करवत आणि ड्रिल मुलग्यांकडे जाते व वही मुलींकडे येते; हे आपोआप आणि कोणाच्याही वाईट हेतूविना घडते, म्हणूनच ते आराखड्यातच थांबवावे लागते.

पहिल्या दिवशी मानशीचे नावही काढू नये. त्या दिवशी माटोळी. चतुर्थीला गणपतीच्या वर फळा-फुलांनी लगडलेली जी लाकडी चौकट टांगली जाते, ती या मुलांनी जन्मापासून पाहिलेली असते, आणि घरातली मोठी माणसे जड घड मधल्या पट्टीला न बांधता दोरीजवळ का बांधतात हेही त्यांनी न विचारता पाहिलेले असते. प्रत्येक गटाला बांबूच्या सारख्या जाडीच्या पट्ट्या आणि सुंभ द्यावे, आणि जास्तीत जास्त नारळ पेलणारी चौकट बांधायला सांगावे. पट्टी कुठे वाकली, गाठ कुठे सरकली, किती नारळांवर चौकट मोडली, हे वहीत लिहायचे. चौकट मोडेपर्यंत भार वाढवायचा, अशी अटच घालावी. कारण पहिल्याच दिवशी, सर्वांसमोर, सर्वांचे मोडले की पुढच्या दिवसांत मोडण्याची लाज उरत नाही.

त्याच संध्याकाळी काचेच्या बाटल्यांत मिठाचे पाणी भरून त्यांत साधा लोखंडी खिळा, जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि पितळी स्क्रू असे वेगवेगळे बुडवून ठेवावेत आणि त्या बाटल्या सातव्या दिवसापर्यंत खिडकीत राहू द्याव्यात. गोव्यातल्या मुलाला गंज शिकवण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मांडवीवरचा जुना पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, आणि त्यामागे पुलाच्या आतल्या ताण दिलेल्या पोलादाला लागलेला गंज हे मोठे कारण मानले जाते. ही हकिकत मुलांना घाबरवण्यासाठी नव्हे, तर दाराला कोणती बिजागरी लावावी हा निर्णय किती गंभीर असतो ते कळावे म्हणून सांगावी.

दुसऱ्या दिवशीची भेट शांतपणे व्हावी. तिथे भाषण नको. मुलांनी बांधावर बसून आधी दार उघडे असताना त्याचे चित्र काढावे, मग ते मिटेपर्यंत वाट पाहावी आणि दर दहा मिनिटांनी काठीवरच्या खुणेशी पाण्याची पातळी टिपावी. दार मिटल्यावर एकच हिशेब सांगावा. एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच दाराच्या बाहेर काठोकाठ पाणी असेल आणि आत काहीच नसेल, तर त्या दारावर सुमारे ५०० किलो वजनाइतका जोर पडतो; खाली जास्त, वर कमी. मग दाराची बिजागरी वरच्या बाजूला का, हा प्रश्न मुलेच विचारतात. सुरक्षिततेबाबत मात्र इथे कसलीही सवलत नाही. मानशीच्या तोंडाशी सततच्या प्रवाहाने खोल डोह झालेला असतो आणि पाणी जोराने ओढते, म्हणून मुलांनी दोरीच्या अलीकडेच थांबायचे, जवळ उत्तम पोहणारा स्थानिक माणूस आणि जीवरक्षक जॅकेटे असायची, आणि पालकांच्या व पंचायतीच्या लेखी परवानगीशिवाय ही भेट काढायची नाही.

तिसऱ्या दिवशी मुलांना टब, प्लायवूडचे तुकडे, सायकलची जुनी ट्यूब, मेणकापड, चिकणमाती, बिजागऱ्या आणि स्क्रू द्यावेत, आणि कसे करायचे ते सांगू नये. आराखडा करणाऱ्यांना सर्वांत जड जाणारा दिवस हाच, कारण दिवसभर गळती चालू असते आणि मदत करण्याचा मोह आवरत नाही. गावातले जे सुतार मानशीची दारे दुरुस्त करतात, त्यांना या दिवशी बोलावू नये. चौथ्या दिवशी बोलवावे. मुलांच्या हातून दार एकदा फसलेले असले की सुतारकाका फळी चौकटीवर कशी घासून बसवतात, दार किंचित तिरके का टांगतात, याकडे ती डोळे लावून बघतात. तेच आधी दाखवले तर ती एक कृती होते आणि सगळे टब सारखे दिसू लागतात.

चौथा, पाचवा आणि सहावा दिवस चाचणी, बदल आणि पुन्हा चाचणी यांसाठी मोकळा ठेवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा एकमेव नियम. रबर बदलले तर बिजागरी तीच ठेवायची, नाहीतर गळती कशामुळे कमी झाली ते कळणार नाही. पाचव्या दिवशी दुपारी, हात थकलेले असतात तेव्हा, विजेचे छोटे काम घ्यावे: नऊ व्होल्टची बॅटरी, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, बझर आणि दोन तारा. तारांची टोके शेताच्या बाजूला ठेवली की खारे पाणी त्यांना टेकताच आवाज होतो. बांध फुटल्याची सूचना रात्रीच्या वेळी कशी मिळेल, हा विचार यातून मुलांपर्यंत पोहोचतो. शेतात एकदा खारे पाणी साचून राहिले की जमीन पूर्ववत व्हायला वर्षे लागतात, आणि मिठाला तोंड देणारे कोरगुटसारखे भातही अशा वेळी हात टेकते.

साहित्याची यादी आयोजकांनी स्वतः एक दार बनवून पाहिल्यावरच पक्की करावी, कारण प्रत्यक्षात सर्वांत आधी संपतात त्या गोष्टी म्हणजे जुन्या चादरी, बादल्या आणि पुसायची फडकी. प्लगला जोडून चालणारी विजेची उपकरणे आणि पाण्याचे टब वेगवेगळ्या खोल्यांत असावेत. सकाळी साडेदहाला पेज आणि लोणचे, दुपारी कोकमाचे सरबत. मेच्या दमट उकाड्यात मुलांना पाणी प्यायची आठवण करून देण्यासाठी एक माणूस नेमलेलाच बरा.

सातव्या दिवशी पालक येतात. बक्षीस ठेवू नये. क्रमांक लागला की गळतीच्या वह्या लपवल्या जातात. प्रत्येक गटाने टबापाशी उभे राहून आपले पहिले दार आणि शेवटचे दार दोन्ही दाखवावीत, दोन्हींचे आकडे वाचावेत, आणि अजून एक आठवडा मिळाला असता तर काय बदलले असते ते सांगावे. खिडकीतल्या बाटल्यांतले खिळे बाहेर काढून टेबलावर मांडावेत. पालक गेल्यावर टब धुऊन, बिजागऱ्या गोड्या पाण्यात खंगाळून, तेल लावून डब्यात ठेवाव्यात, सर्व वह्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि गटांसोबतच्या मोठ्यांनी त्याच संध्याकाळी एकत्र बसून कोणत्या वेळी मुलांना काम उरले नाही आणि कोणत्या वेळी त्यांना थांबवावे लागले, हे पुढच्या मेसाठी लिहून ठेवावे.