पगाराचा पैसा घराला, कूलरचा पैसा कूलरला

नमस्कार मंडळी. पगार जमा झाल्याचा मेसेज येऊन गेला असेल बऱ्याच जणांना, आणि त्याच्या मागोमाग हप्ता कटल्याचा पण. मी सत्तावीस वर्षं हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला होतो, लोकांचे पगार काढायचं काम माझं, त्यामुळे कोणाच्या घरी सात तारखेलाच खडखडाट होतो आणि कोणाकडे वीस तारखेला पण पैसे असतात हे मला पगारपत्रकावरून नाही पण ॲडव्हान्सच्या अर्जांवरून बरोबर कळायचं. आणि गंमत म्हणजे ज्याचा पगार जास्त तोच ॲडव्हान्स कमी मागेल असं काही नव्हतं बरं का. सारख्या पगाराची दोन माणसं, एक दर महिन्याला माझ्या टेबलापाशी उभा, दुसरा कधीच नाही.

आज त्या दुसऱ्याबद्दल बोलायचंय. नोकरी करता करता माणूस चार पैसे कसे उभे करतो, आणि नोकरी न सोडता धंद्याचं डोकं कसं ठेवतो. नोकरी न सोडता, हे पुन्हा सांगतो, कारण आजकाल जो उठतो तो पोरांना सांगतो की नोकरी सोड, रिस्क घे, मला ते अजिबात पटत नाही. घरात म्हातारे आई-बाप असताना पगार सोडून उडी मारायला सांगणाऱ्याला त्या घरचा किराणा भरायचा नसतो.

तर आधी पगाराच्या स्लिपचं दोन मिनिटात उरकतो. तुमच्या बेसिक आणि डीएच्या १२ टक्के पीएफ कटतो, तेवढेच कंपनी टाकते, पण कंपनीच्या त्या १२ मधले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात, तेही १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. आता नोकरी बदलली की पोरं काय करतात, पीएफ काढून घेतात आणि गाडी घेतात. मी हात जोडून सांगतो, काढू नका. २०१४ पासून यूएएन नंबर आहे, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा एकच नंबर, त्यावर जुनं खातं नव्याकडे ट्रान्सफर होतं. पाच वर्षांच्या आत काढलं तर टॅक्स बसू शकतो, आणि पेन्शनला दहा वर्षं नोकरी लागते, मधेच पेन्शनचे पैसे पण काढून घेतले की ती वर्षं पुसली जातात. नोकरी बदलली, पीएफ ट्रान्सफर. नोकरी बदलली, पीएफ ट्रान्सफर. एवढं लक्षात ठेवा.

आणि हे नागपूर आहे मंडळी. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये इथे एम्प्रेस मिल सुरू केली आणि १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला. म्हाताऱ्या वयाचा पैसा तरुणपणी बाजूला पडला पाहिजे ही गोष्ट आपल्या गावाला तेव्हापासून माहीत आहे. ती मिल आता नाही, तिथे मॉल आहे. ज्यांच्या घरी मिलचा भोंगा ऐकून चहा ठेवायचे त्यांना मी वेगळं काय सांगू, की पगार कायमचा नसतो.

बरं, आता मामा.

आमच्या प्लांटला मेंटेनन्समध्ये एक इलेक्ट्रिशियन होता. त्याचं नाव घेत नाही, त्याला आवडणार नाही, पण सगळा प्लांट त्याला मामा म्हणायचा तर आपण पण मामाच म्हणू. तर २००९ चा उन्हाळा. मामाचा पगार तेव्हा नऊ हजाराच्या आसपास, दोन पोरं, वाडीकडे दोन खोल्या. आता नागपूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगायचा, होळी झाली की माळ्यावरून कूलर उतरतो आणि मृग लागेपर्यंत त्याच्याशिवाय झोप नाही. आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी खारं, त्यामुळे पंपात पांढरा थर बसतो, पंप चोक होतो, ताटीवर, म्हणजे कूलरच्या बाजूला लावतात त्या गवताच्या पॅडवर, मीठ धरतं, आणि हे सगळं बरोबर नवतपात, मे संपतानाच्या त्या नऊ कडक दिवसांत, होतं, रात्री अकरा वाजता. मग गल्लीतला माणूस कोणाकडे जाईल? इलेक्ट्रिशियनकडे. मामा सेकंड शिफ्ट करून यायचा, जेवायला बसायचा की दारात कोणीतरी उभं, "मामा, जरासं पाहून देता का, लेकरू झोपून नाही राहिलं." मामा ताटावरून उठायचा.

पैसे नाही घ्यायचा. शेजारधर्म.

आता मामी. मामी सातवी शिकलेली, पण हिशोबाला अशी पक्की की मी अकाउंट्सवाला असून सांगतो, माझ्या पाहण्यात दुसरी नाही. मामीनं काय केलं, दुधाची वही असते ना भिंतीला टांगलेली, त्याच्या मागच्या पानावर मामा ज्या ज्या घरी गेला त्या घराचं नाव लिहून ठेवलं. बोलली काही नाही. पूर्ण उन्हाळा लिहिलं. आणि मृगाचा पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी ती वही मामासमोर ठेवली. ते पान मी स्वतः पाहिलंय, पेन्सिलीनं लिहिलेलं, हळदीचा बोट लागलेला एका कोपऱ्यात. एकतीस घरं. मामी म्हणे, "एकतीस घरं झाले फुकटात. आता पुढच्या उन्हाळ्यात बिनपैशाचा पाना उचलाचा नाही. गरिबाले सोडून देऊ, पण ज्याच्या घरी फ्रीज हाये त्यानं पैसे द्यावं."

माझ्या मते त्या दिवशी धंदा सुरू झाला. दुकान नाही, पाटी नाही, कर्ज नाही. लोक कशासाठी दारात येतात ते लिहून ठेवलं, बस. धंद्याचं डोकं म्हणतात ते हेच, मंडळी, लोक कशासाठी दारात येतात ते लिहून ठेवणं.

पुढच्या वर्षी मामानं सर्व्हिसिंगचे दीडशे रुपये लावले. पंप खोलून साफ, फॅनला ऑइल, टप धुऊन, ताट्या बदलून, ताट्यांचे पैसे वेगळे. होळीच्या आधीच गल्लीत सांगून ठेवलं. चाळीस घरं झाली, सहा हजार रुपये. आणि इथे त्यांनी जी गोष्ट केली ती नीट ऐका. मामीनं बँकेत एक वेगळं खातं उघडलं आणि ते सहा हजार तिकडे टाकले. घरात मुलीला सायकल पाहिजे होती, तरी हात लावला नाही. मामी म्हणाली पगाराचा पैसा घराला, कूलरचा पैसा कूलरला. सायकल दिवाळीत बोनसमधून आली.

मग जून-जुलैत काय झालं, हिंगणा रोडच्या कॉलेजची पोरं परीक्षा आटपून रूम सोडून जातात, त्यांना कूलर गावी न्यायचा नसतो, मिळेल त्या भावात विकतात. मामानं आठशे रुपयाला एक असे चार जुने कूलर उचलले, बत्तीसशे. प्रत्येकाला सहाशेचा खर्च, कुठे पंप, कुठे पत्रा गंजलेला, रंग, असे चोवीसशे. झाले छप्पनशे. खात्यात उरले चारशे. आणि पुढच्या मार्चमध्ये तेच चार कूलर नव्या पोरांना सीझनचे पंधराशे भाडं घेऊन दिले, डिपॉझिट वेगळं. सहा हजार आले. म्हणजे एकाच उन्हाळ्यात कूलरची किंमत वसूल, आणि कूलर आपल्याचकडे. सर्व्हिसिंगचे पैसे वेगळेच. मग अकरा कूलर झाले, मग वीस. ताट्या मामा डिसेंबरात घ्यायचा, थंडीत, जेव्हा कोणी विचारत नाही तेव्हा भाव पडलेला असतो. २०१३ च्या मेमध्ये पारा ४७.९ वर गेला होता आठवतं का, त्या आठवड्यात ताटी मिळत नव्हती बाजारात, मामाच्या गच्चीवर ताडपत्रीखाली ढीग होता, पण त्यानं भाव वाढवला नाही. मी विचारलं तर म्हणे, "भाऊ, उन्हाळा दरवर्षी येते, गिऱ्हाईक दरवर्षी नाही येत."

ताटीवरून आठवलं, हे हनीकोंब पॅड आले आहेत ना आता, टिकतात म्हणून सगळे लावतात, पण वाळ्याच्या ताटीची सर नाही त्याला. पहिलं पाणी पडल्यावर खोलीभर जो वास येतो तो माझ्यासाठी नागपूरचा उन्हाळा आहे. आणि रस्ते सगळे सिमेंटचे करून, मोठी मोठी कडुनिंबं तोडून आपण हे गाव अजून तापवून ठेवतोय, रात्री दहाला पण रस्ता वाफा सोडतो, याचा कोणीतरी विचार केला पाहिजे. असो, मामाकडे येऊ.

एक गोष्ट मुद्दाम सांगायची. मामानं कंपनीच्या स्टोअरमधून एक वितभर वायर घरी नेली नाही, आणि शिफ्टमध्ये कूलरचा फोन घेतला नाही. भाड्याचं काम वाढलं तसं त्यानं साहेबांना लेखी कळवलं. तुम्हीही आपलं अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा, बऱ्याच ठिकाणी दुसरा धंदा करायला परवानगी लागते असं लिहिलेलं असतं. राज्य सरकारच्या नोकरीत असाल तर १९७९ चे वर्तणूक नियम आहेत, तिथे परवानगीशिवाय काहीच करू नका. आधी विचारा, मग करा.

२०१९ पर्यंत मामाकडे सेहेचाळीस कूलर झाले होते, भाडं दोन हजार. आणि मग २०२०. होळी झाली, २९ कूलर पोरांकडे गेले, आणि दोन आठवड्यांत लॉकडाऊन. पोरं मिळेल त्या गाडीनं गावी निघून गेली, खोल्यांना कुलपं, कूलर आत. कारखाना बंद. दोन महिने आमचा सगळ्यांचाच पगार अर्धा आला. पीएफमधून कोरोनाचा ॲडव्हान्स काढायची सोय सरकारनं दिली होती, माझ्याकडे रोज फोन यायचे फॉर्म कसा भरायचा म्हणून, आणि गरज होती लोकांना, त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण मामाचा फोन आला तो वेगळ्याच कामासाठी. म्हणे, "भाऊ, पोरांचे पैसे वापस कराचे हायेत, फोनवरून कसे पाठवतात ते शिकवा." २९ पोरं, दोन दोन हजार, ५८ हजार रुपये! मी म्हटलं मामा, थांबा, घरी लागतील पैसे. तर म्हणाला घर एफडीवर चालून राहिलं. पगारातून त्यांनी सहा महिन्यांच्या खर्चाची एफडी ठेवली होती, तिच्यावर घर चाललं, आणि कूलरच्या खात्यात एक लाख दहा हजार होते, त्यातून पोरांचे गेले. एकाला दुसऱ्याचा धक्का लागला नाही. मी तासभर फोनवर बसून त्याला यूपीआय शिकवलं, आणि एकेका पोराला पैसे गेले की तो मोठ्यानं नाव वाचायचा आणि पलीकडून मामी वहीत टिक करायची, मला ऐकू येत होतं.

२०२१ चा उन्हाळा पण तसाच गेला. २०२२ ला पोरं परत आली, तर ज्यांना पैसे परत मिळाले होते त्यांनी आपल्या ज्युनिअरला मामाचाच नंबर दिला. आज ८५ कूलर आहेत, भाडं अडीच हजार, करा हिशोब, दोन लाखाच्या वर होतात एका सीझनचे. दुरुस्तीला एक पोरगा ठेवलाय. उद्यमची, म्हणजे छोट्या धंद्याची, नोंदणी करून घेतली, ती सरकारी पोर्टलवर फुकट असते, आधार आणि पॅनवर होते, कोणी हजार रुपये मागितले तर देऊ नका. रिटर्न मी भरून देतो, सुगम म्हणतात ते आयटीआर-४, पगार आणि छोटा धंदा दोन्ही त्यात बसतात. उत्पन्न लपवायचं नाही, बँक उद्या लोन देताना तोच कागद मागते.

पहिली सहा वर्षं कूलरचा पैसा कूलरमध्येच गेला. त्यानंतर मृग लागला की मामी खातं मोजते, पुढच्या उन्हाळ्याच्या ताट्या-पंपाचे बाजूला, उरलेल्यातून पीपीएफ, म्हणजे सरकारचं पंधरा वर्षांचं बचत खातं, आणि थोडी एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरलेली रक्कम. पीपीएफबद्दल एक बारीक गोष्ट, व्याज पाच तारखेनंतरच्या कमीत कमी शिलकीवर मोजतात, म्हणजे पैसे पाच तारखेच्या आत पडले पाहिजेत. पाच तारखेच्या आत. महिन्याला पाच हजार टाकले तर पंधरा वर्षांत तुमचे जातात नऊ लाख, आणि एप्रिल २०२० मध्ये जो ७.१ टक्के दर झाला तो धरला तर हातात येतात पावणेसोळा लाखांच्या जवळपास. एसआयपीमध्ये असा शब्द कोणी देऊ शकत नाही, बाजार आहे तो, दहा वर्षं लागणार नाही तेवढाच पैसा तिकडे. आणि क्रेडिट कार्डवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज चालू असताना एसआयपी करत असाल तर आधी कार्ड फेडा, कृपा करून आधी कार्ड फेडा.

मामा अजून ड्युटीवर जातो. दीड वर्ष राहिलंय रिटायर व्हायला. मागच्या होळीनंतर मी माझा कूलर दाखवायला त्याच्याकडे गेलो होतो, तर मामीनं ती दुधाची वही काढून दाखवली, पानं पिवळी पडलीत. त्या पहिल्या एकतीस घरांपैकी एकोणीस घरं आजही त्यांच्याचकडे सर्व्हिसिंग करतात. रेट आता साडेतीनशे आहे, पण त्या एकोणीस घरांना मामी अजून दीडशेच लावते. मी म्हटलं मामी, हे हिशोबात नाही बसत. तर वही मिटवत म्हणाली, "ह्या घरायनंच तर सांगतलं आमाले, का धंदा कराचा ते." नमस्कार.