जीप डावीकडे ओढते, तेव्हा उजवे चाक उघडावे

मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने विलिज जीपची जुळणी सुरू केली आणि त्या घडणीच्या गाड्या पुढे कित्येक दशके सह्याद्रीच्या घाटांत, धरणांच्या कामांवर आणि शेतांच्या बांधांवर राबल्या. आपल्यासमोर उभी असलेली जुनी जीप त्याच घराण्यातली आहे. तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतले शू दाबून धरतात. पेडलचा जोर ब्रेक ऑइलवर टाकणारा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाशी, तळाच्या पत्र्याखाली बसवलेला आहे आणि त्यातून निघणारा दाब एकाच मार्गाने सर्व चाकांकडे जातो. एखादी नळी फुटली, तर चारही ब्रेक एकदम जातात. म्हणून या गाडीच्या ब्रेकची तक्रार उद्यावर टाकू नये.

तक्रार अशी आहे की, ब्रेक दाबताच गाडी डावीकडे ओढते. पुष्कळदा लगेच डावे चाक उघडले जाते. प्रत्यक्षात डावे चाक आपले काम चोख करत असते. उजवे पुरेसे पकडत नाही, म्हणून गाडी डावीकडे झुकते.

चाकाला हात लावण्यापूर्वी फोर व्हीलचा लिव्हर सोडवलेला आहे याची खात्री करावी. फोर व्हील लागलेले असताना पुढची आणि मागची चाके शाफ्टने एकमेकांशी जखडलेली असतात, त्यामुळे कोणते चाक कमी पकडते हे कळत नाही. शिवाय डांबरी रस्त्यावर फोर व्हील तसेच राहिले, तर वळताना गाडी मागे खेचल्यासारखी वाटते आणि ब्रेक चिकटल्याचा भास होतो.

त्यानंतर पेडल. इंजिन बंद करून पेडल पायाने दाबून धरावे आणि घाई न करता वाट पाहावी. ते स्पंजासारखे दबत असेल, तर नळ्यांमध्ये हवा आहे. एकाच दाबाखाली ते हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर कुठेही गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधले रबरी वॉशर दाब आतल्या आत सोडत आहेत. दोन-तीन वेळा पंप मारल्यावर पेडल वर येऊन टिकत असेल, तर बहुधा लायनर, म्हणजे शूवरचे घासणारे अस्तर, आणि ड्रम यांच्यातले अंतर वाढलेले आहे. या जीपचे पेडल मात्र घट्ट आणि उंच आहे. दाब चाकापर्यंत पोहोचतो आहे, घर्षण होत नाही.

जीपचा हँडब्रेक चाकांना नसून ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे, शाफ्टवर लागतो. मागचे एक चाक जॅकवर उचलले, तर हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. त्यामुळे चाक पुढचे असो वा मागचे, जमिनीवरच्या चाकांना उटी, म्हणजे अडसर, लावल्याशिवाय जॅक लावू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी.

पुढच्या उजव्या चाकाचा ड्रम निघतो. लायनरची जाडी भरपूर आहे, पण त्याचा खालचा अर्धा भाग काळा आणि ओला दिसतो. बोटाला लागलेले तेल दाट आहे, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो आणि पाण्याने ते धुतले जात नाही. ब्रेक ऑइल पातळ असते व पाण्यात मिसळते. म्हणजे चाकातला, शूंना ढकलणारा व्हील सिलिंडर निर्दोष आहे. हे डिफरन्शियलचे, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या एक्सलमधल्या गिअरांचे, गिअर ऑइल आहे, जे एक्सलमधून, स्टिअरिंग नकलमधून (चाक वळवणाऱ्या सांध्यातून) आणि हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, तेल अडवणाऱ्या ऑइल सीलवरून इथवर आले आहे.

सील बदलून इथेच थांबणे मात्र चूक ठरेल. एक्सलच्या नळकांड्यावर ब्रीदर नावाची छोटी टोपी असते, ती ओढ्यातल्या चिखलाने बुजलेली आहे. गाडी चालून आतले तेल तापते, हवा फुगते आणि बाहेर पडायला वाट नसल्याने दाब सीलवर येतो. ब्रीदर बुजलेला राहिला, तर नवे सीलही असेच गळू लागेल.

तेल मुरलेले लायनर रॉकेलने धुऊन परत लावू नयेत. तापल्यावर आतले तेल पुन्हा वर येते. पुढच्या दोन्ही चाकांचे लायनर जोडीनेच बदलावेत, म्हणजे पकड सारखी राहील. शेवटी शू समायोजित करावेत, मोकळ्या, सपाट जागी कमी वेगात ब्रेक लावून पाहावा आणि लगेच उतरून पुढच्या दोन्ही ड्रमजवळ, स्पर्श न करता, हात न्यावा. दोन्हीकडची ऊब सारखी लागली, तरच गाडी घाटाकडे वळवावी.