खुर्चीसकट

(दृश्य: रात्र. लहान खोली. उघडं कपाट, आत टांगलेले कपडे. समोर लाकडी खुर्ची आणि मायक्रोफोन.)

हा माझा स्टुडिओ. कपाटाची दारं उघडायची आणि कपड्यांकडे पाठ करून बसायचं. नवखे लोक कपडे मायक्रोफोनच्या मागे लावतात. पण असा मायक्रोफोन मुख्यतः समोरचं ऐकतो. म्हणजे मी, आणि माझ्या पाठीमागच्या भिंतीवरून परत येणारा आवाज. म्हणून भिंतीच्या जागी कपडे.

रात्री दीडनंतर पंखा बंद, फ्रिज बंद, मग गायचं. सकाळी फ्रिज पुन्हा चालू करायला विसरायचं नाही. मी दोनदा विसरले आहे.

(दृश्य: वहीची पानं. खोडलेल्या ओळी.)

दहा वर्षं गाणी लिहिली, चाली लावल्या, मिळेल तिथे गायले. आणि मग एकाच हंगामात सगळं आलं: नऊ गाण्यांचा पहिला अल्बम, त्याची एलपी तबकडी, फक्त माझ्या नावावर लागलेला पहिला कार्यक्रम, आणि माझं गाणं दुसऱ्याच कुणीतरी गायलेलं. लोक म्हणाले, मैलाचे दगड. मैलाचे दगड चालणाऱ्याला लागतात. माझं बहुतेक काम बसून झालं. या खुर्चीत.

अल्बम शुक्रवारी आला. जगभर नवं संगीत शुक्रवारी प्रकाशित करायची पद्धत १० जुलै २०१५ पासूनची. त्याआधी देशोदेशीचे वार वेगळे होते. प्रकाशनाच्या आदल्या महिनाभरात मी गायिका कमी आणि कारकून जास्त होते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा १२ अक्षरं-अंकांचा क्रमांक लागतो. नऊ गाणी, नऊ क्रमांक. एक अंक चुकला की तुमच्या गाण्याचा हिशेब भलतीकडेच जायचा. मी ते क्रमांक मोठ्याने वाचून तपासले. चाल लावायचीच काय ती बाकी होती.

मग आकडे. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक प्ले धरतात. माझ्या एका गाण्यात शब्द सुरू व्हायच्या आधी ३४ सेकंद नुसती गिटार आहे. म्हणजे मी तोंड उघडण्याआधीच मला ऐकून झालेलं असतं! पहिल्या आठवड्यात मी तो आकडा दर तासाला बघत होते. दुसऱ्या आठवड्यात बघणं सोडलं, तिसऱ्यात पुन्हा सुरू केलं. त्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

(दृश्य: फिरणारी तबकडी, अगदी जवळून. सुई.)

एलपीबद्दल मात्र सांगायचंय.

बारा इंची तबकडी मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. बाहेरच्या कडेला तेवढ्या वेळात सुईखालून ९० सेंटीमीटरच्या आसपास खाच सरकते. आत, लेबलजवळ, त्याच १.८ सेकंदांत ४० सेंटीमीटरसुद्धा नाही. वेळ तेवढाच, जागा निम्म्याहून कमी. मग बारीक, तीक्ष्ण आवाज तिथे दाटीवाटीने कोरावे लागतात आणि फाटायला लागतात. 'स' आणि 'श' सगळ्यात आधी.

आणि माझं शेवटचं गाणं? जोरकस, टिपेला जाणारं, ओळीओळीला स-श. अल्बमचा क्रम मी सहा महिने डोक्यात घोळवला होता. शेवट दणक्यात व्हायला हवा, हे पक्कं होतं. तबकडी कोरणाऱ्यांनी एका ओळीत कळवलं: "हे गाणं बाजूच्या सुरुवातीला घ्या, आत एखादं शांत गाणं ठेवा." मी दोन दिवस चिडले. मग क्रम बदलला. एका बाजूला साधारण २२ मिनिटांच्या पुढे गेलं की आवाजाची पातळी खाली आणावी लागते, त्यामुळे मिनिटांची जुळवाजुळवही पुन्हा केली. सगळ्यात शांत गाणं शेवटी गेलं. 'थोडं थांबून जा' हे त्याचं ध्रुवपद.

ते गाणं याच खोलीत, पहाटे तीनच्या सुमारास, चौथ्या टेकला झालं. शेवटचा स्वर विरतो, दोन सेकंद काहीच नाही, आणि मी रेकॉर्डिंग थांबवायला पुढे वाकते तेव्हा खुर्ची वाजते. कट्ट. मास्टरिंग, म्हणजे ध्वनिमुद्रणावर शेवटचा हात फिरवणाऱ्यांचा निरोप आला होता: "शेवटी काहीतरी वाजतंय, काढू का?" मी लिहिलं, "काढा." दहा मिनिटांनी लिहिलं, "राहू द्या." कारण विचारू नका. त्यांनीही विचारलं नाही.

(दृश्य: साधं पांढरं पाकीट. त्यातून निघणारी तबकडी.)

काही आठवड्यांनी टेस्ट प्रेसिंग आली. सगळ्या प्रती छापण्याआधी तपासायला पाठवतात ती. दोष असेल तर आत्ताच बोला, नंतर नाही. मी डोळे मिटून दुसरी बाजू ऐकत होते. गाणं संपलं आणि कट्ट! पोटात गोळा आला. तबकडीवर ओरखडा? खुर्चीचं तर मी साफ विसरले होते.

ओरखडा ओळखायची एक युक्ती आहे. तो शेजारच्या खाचांवरही उमटलेला असतो, म्हणून दर फेऱ्याला ऐकू येतो, १.८ सेकंदांनी, घड्याळासारखा. मी सुई मागे घेतली आणि मोजायला लागले. कट्ट. एक... दोन... काही नाही. तीन. काही नाही. सुई पार लेबलपर्यंत गेली.

तेव्हा कुठे खुर्चीकडे लक्ष गेलं. मी तिच्यातच बसले होते.

(दृश्य: मोबाइलचा पडदा. एक तरुण मुलगी खिडकीजवळ गाते आहे. आवाज येत नाही.)

त्याच सुमाराला कुणीतरी मला हा व्हिडिओ पाठवला. अनोळखी मुलगी, माझं गाणं, पट्टी माझ्यापेक्षा वरची. गाण्याचे हक्क दोन असतात: शब्द आणि चालीचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. माझ्यामागे कंपनी नाही, त्यामुळे माझ्या अल्बमचे दोन्ही माझ्याकडे. तिचं ध्वनिमुद्रण तिचं, आतलं गाणं माझं. हे सगळं मी कागदावर वाचलेलं. पण दुसऱ्याच्या गळ्यातून आपली ओळ येताना ऐकणं म्हणजे आपलं घर रस्त्यावरून बघण्यासारखं आहे. अरे, खिडकी इतकी लहान आहे होय?

आणि तिने शब्द बदलला होता. 'थोडं थांबून जा'च्या जागी 'थोडं सांगून जा'.

मी तिला कळवलं, गाणं आवडलं, पण शब्द 'थांबून' आहे. तिचं लगेच उत्तर: "अय्यो ताई, सॉरी, मला तसंच ऐकू आलं!" मी माझंच ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं. मायक्रोफोनच्या फार जवळ, अर्ध्या श्वासात गायलेला 'थ'. खरंच, 'सांगून'च वाटतं. पाच वर्षांपूर्वी लिहिलेली ओळ मी वहीत काढून बघितली. 'थांबून'वर तीन वेळा खाडाखोड केलेली. मी ज्या शब्दाच्या शोधात होते, तो तिला चुकून ऐकू आला होता.

(दृश्य: रिकामं सभागृह. मंचावर एकच खुर्ची.)

कार्यक्रमाच्या खुर्च्या नव्वद, सगळ्या भरल्या. तिसऱ्या गाण्यात तार तुटली, चौथं नुसत्या आवाजात म्हटलं. शेवटी 'थोडं थांबून जा'. दोनदा 'थांबून' म्हटलं. तिसऱ्यांदा 'सांगून'. नंतर एक गृहस्थ खास थांबून भेटायला आले. म्हणाले, "कार्यक्रम छान झाला, पण शेवटच्या ओळीत शब्द चुकलात."

मी म्हटलं, "हो."

(दृश्य: पुन्हा तीच खोली. ती कपाट उघडते, बसते. खुर्ची वाजते.)

नवीन गाण्याचा मुखडा झालाय. अंतरा अडलाय. पावणेदोन वाजलेत, फ्रिज बंद केलाय.

सकाळी कुणीतरी आठवण करा.