पेशीच्या दाराशी कॅल्शियम

(दृश्य: खारघरच्या डोंगरांवर पाऊस. त्यानंतर प्रयोगशाळेतील अंधारी खोली.)

दुपारचे दोन वाजले आहेत, पण या खोलीत दिवा लावलेला नाही आणि खिडकीच्या काचेवर काळा कागद चिकटवलेला आहे. पेशींमध्ये भरलेले रंजकद्रव्य उजेडाने फिके पडते, म्हणून येथील संशोधक विद्यार्थिनी संगणकाच्या पडद्याच्या प्रकाशातच आपले काम करते. मायक्रोस्कोपखालच्या पातळ काचेवर टी-पेशी, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार, आहेत. शरीरात शिरलेले परके ओळखण्याचे काम या पेशी करतात, आणि ओळख पटल्यावर कामाला लागायचे की स्वस्थ राहायचे, हे बऱ्याच अंशी त्यांच्या आत येणाऱ्या कॅल्शियमवर ठरते.

(दृश्य: दिवाळे कोळीवाड्याची जेट्टी. होडीतले पाणी उपसणारे हात.)

कॅल्शियम म्हटले की आपल्याला हाडे, दात आणि दूध आठवते. येथे विषय आहे तो पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियमचा. शांत टी-पेशीच्या पेशीद्रव्यात ते इतके कमी असते, की बाहेरच्या द्रवात त्याचे प्रमाण सुमारे 10,000 पट जास्त भरते. हा फरक आपोआप टिकत नाही. होडीत झिरपणारे पाणी जसे सतत उपसावे लागते, तसे पेशीला ऊर्जा खर्च करून कॅल्शियम बाहेर काढावे लागते, आणि काही आतल्याच आंतर्द्रव्यजालिका नावाच्या पडद्यांच्या जाळ्यात, म्हणजे पेशीच्या कोठारात, साठवावे लागते. इतकी राखण असल्यामुळेच, दार थोडे जरी उघडले तरी तो पेशीसाठी स्पष्ट निरोप ठरतो.

(दृश्य: प्रयोगशाळेतील नळ आणि शेजारी ऊर्ध्वपातित पाण्याची बाटली.)

या निरोपाचा पहिला सुगावा नळाच्या पाण्याने दिला. लंडनमधील डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचे हृदय क्षारांच्या द्रावणात ठेवून त्याचे ठोके मोजत असत. ते द्रावण चुकून नळाच्या पाण्यात केलेले असताना हृदय चालू राही, आणि ऊर्ध्वपातित पाणी वापरताच ठोके मंदावून थांबत. नळाच्या पाण्यात जे होते आणि बाटलीतल्या पाण्यात जे नव्हते, ते कॅल्शियम होते, हे त्यांनी 1883 साली प्रसिद्ध केले. झालेली चूक झाकून न ठेवता तिचा पाठपुरावा करणाऱ्या या वृत्तीबद्दल आम्हांला विशेष आदर वाटतो.

(दृश्य: पिपेट, उबवणी यंत्र, पडद्यावर निळे ठिपके.)

जिवंत पेशीतले कॅल्शियम डोळ्यांनी पाहता येण्यास मात्र आणखी एक शतक जावे लागले. रॉजर त्सिएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली फ्युरा-2 हे कॅल्शियमला चिकटताच चमक बदलणारे रंजकद्रव्य मांडले. त्याच्या रेणूवर रासायनिक टोप्या चढवलेल्या असतात, त्यामुळे ते पेशीपटलातून सहज आत जाते. आत गेल्यावर पेशीतीलच विकरे त्या टोप्या कापतात आणि रंजकद्रव्य आत अडकून पडते. त्यानंतर पेशींवर 340 आणि 380 नॅनोमीटरचा प्रकाश आळीपाळीने टाकला जातो आणि दोन्ही वेळच्या चमकीचे गुणोत्तर घेतले जाते. एखाद्या पेशीत रंजकद्रव्य कमी गेले आणि शेजारच्या पेशीत जास्त, तरीही या गुणोत्तरामुळे मोजमाप बिघडत नाही.

आता पडद्याकडे पाहावे. तेथे निळा रंग म्हणजे पेशीत कॅल्शियम कमी आणि लाल म्हणजे जास्त. काचेवरच्या पेशी जर्काट नावाच्या वाणाच्या आहेत. 1970 च्या दशकात रक्ताचा कर्करोग झालेल्या एका 14 वर्षांच्या मुलाच्या रक्तातून तो मिळाला आणि आज जगभरातील प्रयोगशाळांत वाढवला जातो. पेशींभोवतीच्या द्रावणात मुद्दाम कॅल्शियम ठेवलेले नाही. विद्यार्थिनी थॅप्सिगार्गिन हे वनस्पतिजन्य द्रव्य सोडते, त्यामुळे कोठार भरणारा पंप बंद पडतो आणि आतला साठा गळू लागतो. निळे ठिपके किंचित हिरवे होतात आणि पुन्हा निळसर दिसू लागतात. आलेखावर एक छोटा उंचवटा उमटला आहे. यानंतर ती बाहेरच्या द्रावणात कॅल्शियम मिसळते, आणि काही क्षणांत एकामागून एक पेशी पिवळी, नारिंगी, लाल होत जाते. कोठार रिकामे झाले, म्हणून बाहेरचे दार उघडले.

रिकाम्या कोठाराची वर्दी दारापर्यंत कोण नेतो, हे 2005 साली कळले. स्टिम-1 हे प्रथिन कोठाराच्या भिंतीत बसून आतला साठा जोखत असते. साठा घटला की त्याचे रेणू गोळा होतात आणि पेशीपटलाला अगदी लागून असलेल्या जागी सरकतात. तेथे त्यांची गाठ पडते ती ओराय-1 या दाराशी. स्वर्गाचे दार राखणाऱ्या ग्रीक देवतांवरून 2006 साली ठेवलेले हे नाव आम्हांला फार समर्पक वाटते. शरीरात हीच साखळी परक्या तुकड्याच्या स्पर्शाने सुरू होते. आत आलेले कॅल्शियम कॅल्सिन्युरिन या विकराला जागे करते, ते विकर एनफॅट या प्रथिनावरील फॉस्फेट काढते, आणि मोकळे झालेले एनफॅट केंद्रकात शिरून जनुके चालू करते. कॅल्शियम उतरले की एनफॅट माघारी फिरते. म्हणून दार बराच वेळ उघडे राहावे लागते.

ज्या बालकांत ओराय-1 मधील एकच अमिनो आम्ल बदललेले असते, त्यांच्या टी-पेशी असूनही काम करत नाहीत आणि साधा संसर्गही जिवावर बेततो. याच खारघरमधील अ‍ॅक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संस्थेत 4 जून 2021 रोजी भारतातील पहिला कार-टी उपचार देण्यात आला. या उपचारात कर्करोगाच्या पेशी ओळखतील अशा बदललेल्या टी-पेशी रुग्णाला देतात. त्या पेशींनाही शत्रू ओळखल्यावर कॅल्शियमचाच आधार लागतो.

(दृश्य: ऐरोलीतील एक स्वयंपाकघर. स्टीलचे भांडे, औषधाची डबी, भिंतीवरचे घड्याळ.)

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या या गृहस्थांच्या हातात टॅक्रोलिमसची कॅप्सूल आहे. जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या जिवाणूपासून 1984 साली मिळालेले हे औषध कॅल्सिन्युरिनला अडवते; ते नेमके कसे चालते, हे मात्र 1991 साली उलगडले. त्यांच्या टी-पेशींत कॅल्शियम येते, पण एनफॅट केंद्रकाबाहेरच राहते, आणि बहिणीने दिलेले मूत्रपिंड परके ठरून त्या पेशींच्या हल्ल्यात सापडत नाही, सुरक्षित राहते. पुढची कॅप्सूल रात्री आठ वाजता.