पडद्यावरची आजी
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: शाळेतली एक खोली. भिंतीवर मोठा पडदा, त्याच्यावर छोटा कॅमेरा. समोर चार-पाच मुलं दाटीवाटीनं बसलेली.]

वर्गात बाई पेन उंच धरून विचारतात, "व्हॉट इज धिस?" ते पेन आहे हे बाईंनाही ठाऊक असतं आणि मुलांनाही. तरी सगळा वर्ग एका सुरात उत्तर देतो, कारण बाईंनी विचारलंय. आपल्या कितीतरी मुलांचं इंग्रजी असंच झालं. वर्षानुवर्षं उत्तरं दिली, पण त्या भाषेत कुणाशी बोलायची वेळच आली नाही.

आता समजा, पडद्यावर इंग्लंडमधली एक आजी आहे आणि ती विचारतेय, आज डब्यात काय आणलंस? मुलगा म्हणतो, "भाकरी." आजीला भाकरी माहीत नाही. अगदी खरंच माहीत नाही. ब्रेड म्हणावं तर ती पाव समजणार. मग दोन्ही हात पुढे येतात आणि हवेतच भाकरी थापली जाते. शेजारची मुलगी "राउंड, राउंड" म्हणत मदतीला धावते. ज्वारीला काय म्हणायचं यावर मागे कुजबुज सुरू होते. तेवढ्यात कुणीतरी डबाच उघडून कॅमेऱ्यासमोर धरतं. या पाच मिनिटांत मुलांनी जितकं इंग्रजी स्वतः जुळवलं, तितकं धड्याखालच्या प्रश्नांनी क्वचितच जुळवून घेतलं असेल. कारण सांगण्यासारखं काहीतरी मुलांकडे आहे, आणि ते समोरच्या माणसाला हवंय.

[दृश्य: दिल्ली, कालकाजी. जुनी छायाचित्रं.]

अशा आज्या खरोखरच शाळांत आल्या, त्या शिक्षण-संशोधक सुगत मित्रा यांच्यामुळे. १९९९ च्या जानेवारीत दिल्लीतल्या कालकाजीत त्यांनी कार्यालयाच्या भिंतीला भोक पाडून पलीकडच्या वस्तीतल्या मुलांसाठी एक संगणक बसवला. तो प्रयोग जगभर गाजला. पुढे आपल्या सिंधुदुर्गातही असे संगणक बसले.

मला त्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो दक्षिणेतल्या कालिकुप्पम या गावातला प्रयोग. तमिळ बोलणारी मुलं, आणि संगणकावर इंग्रजीतून विषय कोणता, तर डीएनएची प्रत कशी तयार होते! शिकवायला कुणी नाही. दोन-अडीच महिन्यांनी चाचणी घेतली तेव्हा मुलं ३० टक्क्यांपर्यंत पोचली होती. मग मित्रांनी मुलांच्या ओळखीतल्या एका तरुणीला मदतीला घेतलं. तिला विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिनं फक्त मुलांच्या मागे उभं राहायचं आणि आजी जसं कौतुक करते तसं करायचं: अगंबाई, हे कसं जमलं तुला? मला दाखव ना! पुढच्या दोन महिन्यांत गुण ५० टक्क्यांवर गेले. दिल्लीतल्या एका महागड्या शाळेत, प्रशिक्षित शिक्षकाकडे शिकणाऱ्या मुलांइतके.

२००९ मध्ये मित्रांनी 'द गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्रातून आवाहन केलं. घरी इंटरनेट आणि वेबकॅम असेल, आणि आठवड्यातला एक तास विनामोबदला देता येत असेल, तर भारतातल्या मुलांशी बोलाल का? ते सांगतात, पहिल्या दोन आठवड्यांतच दोनशे जणांनी होकार कळवला. सुरुवातीची सत्रं हैदराबादच्या शाळांत झाली, स्काइप या व्हिडिओ कॉलच्या साधनावरून. 'ग्रॅनी क्लाउड', म्हणजे इंटरनेटवरच्या आज्यांचा मेळा, हे नाव तेव्हापासूनचं. या कामाची घडी बसवली ती पुण्याच्या डॉ. सुनीता कुलकर्णी यांनी. आज्या म्हणायचं, पण त्यात आजोबाही होते, नातवंडं नसलेले तरुणही होते, आणि पुढे तर नाना देशांतली माणसं त्यात आली.

[दृश्य: फलटणचा रस्ता, शाळेकडे निघालेली मुलं.]

२०१३ मध्ये मित्रांना 'टेड' या व्याख्यानं भरवणाऱ्या संस्थेचा १० लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला. त्या पैशांतून मुलांनी स्वतः शिकण्याची सात केंद्रं उभी राहिली, दोन इंग्लंडमध्ये आणि पाच भारतात. एक सुंदरबनातल्या कोराकाटीला, आणि एक आपल्या सातारा जिल्ह्यात, फलटणला, प्रगत शिक्षण संस्थेत.

फलटणचं नाव यात यावं याचा मला विशेष आनंद आहे. ही संस्था उभारली डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी. अमेरिकेत जन्मलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी फलटणमध्ये बोलल्या जाणाऱ्या मराठीवर पीएच.डी. केली, पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं, आणि इथेच शाळा काढली ती मराठी माध्यमाची. मुलांची स्वतःची भाषा पक्की करणाऱ्या या शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या आज्या पडद्यावरून येऊ लागल्या. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. ज्या मुलाला आपल्या भाषेत मनातलं मांडायची सवय आहे, ते मूल परक्या भाषेतही मांडायला धजावतं.

[दृश्य: कॅमेऱ्यासमोर धरलेली वही.]

अशा तासाला बारीकसारीक गोष्टींची फार तयारी लागते. मुलगी चित्राखाली स्वतःचं नाव लिहून वही कॅमेऱ्यासमोर धरते. पडद्याच्या कोपऱ्यात तिला स्वतःची छबी दिसते, आरशातल्यासारखी, आणि त्यात अक्षरं उलटी. ती गोंधळते, वही फिरवते, आणि आजीला कोरं पान दिसू लागतं. पलीकडे मघाशी सगळं सरळच दिसत होतं, हे तिला कुणीतरी जवळ बसून सांगावं लागतं. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो. तेवढ्या शांततेत मुलांना वाटतं, आपलं काही चुकलं. सगळी एकदम बोलली की पलीकडे कुणाचंच धड ऐकू जात नाही. मुलांच्या पाठीशी उघडी खिडकी असेल, तर आजीला नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात.

शिवाय घड्याळ. फलटणला दुपारचे बारा वाजलेले असतात तेव्हा इंग्लंडमध्ये हिवाळ्यात सकाळचे साडेसहा. मार्चअखेर त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात, ऑक्टोबरअखेर मागे येतात, आणि दोन्ही वेळा आपलं वेळापत्रक पुन्हा मांडावं लागतं.

हे सगळं सांभाळतं ते खोलीतलं माणूस. धिटाईनं पुढे बसणाऱ्याला जरा मागे घेणारं, गप्प मुलीच्या हातात माइक देणारं, रेंज गेली की तोवर गाणं म्हणवून घेणारं. शिक्षकाविना शिक्षण होतं, असा अर्थ मित्रांच्या प्रयोगांतून अनेकांनी काढला, आणि त्यावर टीकाही भरपूर झाली. ती टीका मला रास्त वाटते. पडदा आला म्हणून बाईंची गरज संपत नाही.

[दृश्य: २०२०. घरातला कोपरा, हातात मोबाइल घेतलेलं मूल.]

मग मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि व्हिडिओ कॉल घरोघरी पोचला. त्या काळात शिक्षकांनी जिवाचं रान केलं, हे विसरता येणार नाही. पण पन्नास-साठ मुलांचा वर्ग एका कॉलवर आला की पहिली सूचना असायची, सगळ्यांनी आपापले माइक बंद करा. त्याला पर्याय नव्हता, हे मान्य. मात्र त्यामुळे एक पिढी अशी समजून बसली की व्हिडिओ कॉल म्हणजे गप्प बसून बघण्याची वस्तू. मला याची हळहळ वाटते. बोलण्यासाठी बनलेलं साधन आपण मुलांना मुक्यानं वापरायला शिकवलं.

[दृश्य: मेळघाटातली आश्रमशाळा, बाहेरून.]

स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झालं. त्यानं काही अडत नाही, दुसरी साधनं आहेत. अडतं ते माणसांपाशी, आणि इथे मला आपल्याच आजी-आजोबांकडे वळावंसं वाटतं. मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल, धडगावातलं पावरी बोलणारं, भामरागडातलं माडिया बोलणारं, यांच्यासाठी मराठीसुद्धा शाळेत गेल्यावर भेटणारी भाषा आहे. तिकडे पुण्या-नाशकातले कितीतरी निवृत्त लोक रोज रात्री परदेशातल्या नातवंडांशी व्हिडिओवर बोलतात. कॅमेरा कसा धरायचा, आवाज अडकला तर काय करायचं, हे त्यांना पाठ आहे. या मुलांना मराठी शिकवायला त्यांनी जायचं नाही. मोहाची फुलं कशी वेचतात, हे विचारायचं, आणि मूल सांगेल ते मन लावून ऐकायचं.

शाळेकडून हवी वेळापत्रकात आठवड्यातली एक तासिका, चालणारं इंटरनेट, आणि त्या अर्ध्या तासासाठी खोलीत थांबणारे एक गुरुजी किंवा बाई. गट पाच-सहा मुलांचाच, आणि पडद्यावरचं माणूस दर आठवड्याला तेच. अनोळखी आवाजाशी मूल पहिल्या दिवशी बोलत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत थांबायची तयारी त्या आजींनीही ठेवायला हवी.