निरोप पोहोचला, आता माणूस पोहोचू दे

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे सभासद आणि जमलेल्या सगळ्या बंधुभगिनींनो, नमस्कार.

इथे काही जण ख्रिस्ती आहेत, बरेच नाहीत. मला दिलेला विषय ख्रिस्ती श्रद्धा आणि मोबाइल-इंटरनेटसारखी संपर्काची साधनं हा आहे आणि तो आडपडदा न ठेवता मांडते. मोबाइल तर सगळ्यांच्याच हातात आहे, त्यामुळे हे बोलणं कुणाला परकं वाटू नये.

दूरच्या माणसाशी संपर्क ठेवणं ख्रिस्ती मंडळीला, म्हणजे श्रद्धावंतांच्या समुदायाला, पहिल्या शतकापासून माहीत आहे. बायबलच्या दुसऱ्या भागातल्या, म्हणजे नव्या करारातल्या, २७ पुस्तकांपैकी २१ तर पत्रंच आहेत. रोमकरांस लिहिलेलं पत्र घ्या. येशूचा संदेश पसरवणारा प्रेषित पौल सांगत होता आणि तर्तिय नावाचा लेखनिक लिहीत होता. सोळाव्या अध्यायात तो लेखनिक मध्येच स्वतःचा सलाम घालतो, ते वाचताना मला दर वेळी आनंद होतो. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला पौल ग्रीसमधल्या किंख्रिया गावच्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो, तिचं स्वागत करा, तिला लागेल ती मदत करा म्हणून सांगतो. पत्र तिच्याच हाती रोमला गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे निरोपाबरोबर एक जिवंत बाई त्या दारात उभी राहिली, आणि तिला जेवू घालणं, तिची राहण्याची सोय करणं हेही त्या मंडळीवर आलं.

पौल स्वतः तोवर रोमला गेलेला नव्हता. पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो भेटीची ओढ बोलून दाखवतो. नव्या करारातलंच योहानाचं दुसरं पत्र जेमतेम १३ वचनांचं आहे. त्याच्या शेवटी तो म्हणतो की लिहायचं पुष्कळ आहे, पण कागद आणि शाई नको. तुमच्याकडे येऊन समोरासमोर बोलू, म्हणजे आपला आनंद पूर्ण होईल. त्या काळचं उत्तम साधन हाती असूनही या माणसांना त्याची मर्यादा ठाऊक होती.

माझं सांगणं या एकाच गोष्टीभोवती आहे. साधन भरभरून वापरा. फक्त ते आपल्याला माणसापर्यंत नेतं आहे, की माणसाकडे न जाण्याची सोय करून देतं आहे, हे प्रामाणिकपणे तपासा.

श्रद्धावंतांनी नव्या साधनांना पाठ दाखवली असं म्हणणाऱ्यांनी इतिहास पाहावा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेला बायबलचा मराठी अनुवाद त्यांच्याच मुक्ती मिशन या संस्थेच्या छापखान्यात छापून निघाला, आणि त्या कामात त्यांच्या आश्रयाला आलेल्या स्त्रियांचे हात होते. १९३१ साली व्हॅटिकन रेडिओ, म्हणजे रोमन कॅथलिक चर्चच्या केंद्राचा रेडिओ, सुरू झाला, तो उभारला रेडिओच्या जनकांपैकी एक असलेल्या खुद्द मार्कोनीने. अलीकडचं उदाहरण कार्लो अकुटिसचं. १९९१ साली जन्मलेला आणि २००६ साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेला हा मुलगा ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत म्हणून घोषित झाला. त्याने तयार केलेली वेबसाइट सगळ्यांना आठवते. तो रोज मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायचा आणि रस्त्यावरच्या बेघरांना मदत करायचा, हे मात्र पटकन कुणी सांगत नाही. तरुणांना त्याची ओळख करून देताना हा भाग आधी सांगावा असं मला वाटतं.

आता आपल्या हातातल्या फोनकडे येऊ. प्रार्थनेच्या ग्रुपवर निरोप येतो : ‘आईला दवाखान्यात दाखल केलंय, प्रार्थना करा.’ बघता बघता जोडलेल्या हातांच्या चिन्हांची रांग लागते. त्यातल्या कितींनी खरोखर डोळे मिटले? बोट चिन्हावर टेकतं आणि मनाची समजूत पटते की आपण प्रार्थना केली. प्रभू येशूने सांगितलं होतं की खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे पित्याला हाक मार. असा निरोप आला की आधी फोन पालथा ठेवावा, त्या आईचं नाव घेऊन देवाशी बोलावं, आणि मग त्या मुलीला फोन करून विचारावं : ‘रात्री दवाखान्यात थांबायला कोणी आहे का? मी येऊ?’ ग्रुप असल्यामुळेच ही बातमी आपल्याला कळली, त्याबद्दल देवाचे आभार. पण चिन्ह टाकून झाल्यावरसुद्धा ती मुलगी त्या बाकावर एकटीच बसलेली असते.

दुसरी गोष्ट अधिक कडक शब्दांत सांगते. दहा आज्ञांमध्ये खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा आहे, आणि आज ती सगळ्यात जास्त मोडली जाते ती फॉरवर्ड करताना. एखाद्या पाळकाविषयी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूविषयी, एखाद्या बाईविषयी, दुसऱ्या धर्माच्या लोकांविषयी काहीबाही येतं आणि आपण शहानिशा न करता ते पुढे ढकलतो. ‘मी कुठे लिहिलंय, मला आलं ते पाठवलं,’ ही सबब पवित्र शास्त्रापुढे टिकत नाही. बायबलच्या जुन्या करारातल्या मोशेच्या नियमशास्त्रात एकट्याच्या साक्षीवर कुणाला दोषी ठरवता येत नव्हतं, दोन किंवा तीन साक्षीदार लागत. मृत्युदंड झालाच, तर पहिला हात साक्षीदारांनी उचलायचा होता. ज्याच्यावर आरोप करायचा त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहावं लागे. आज आरोप करणाऱ्याला तो चेहरा दिसतच नाही, म्हणून हात इतका सहज चालतो. जे त्या माणसाच्या तोंडावर बोलायची माझी तयारी नाही, ते मी पाठवणार नाही, एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ विष आपल्यापाशीच थांबेल. सकाळी फुलांच्या चित्रावर वचन पाठवायचं आणि रात्री कुणाच्या तरी पोस्टखाली शिव्या लिहायच्या, याविषयी नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय वाचा : एकाच तोंडातून आशीर्वाद आणि शाप निघतात, असं होऊ नये, असं तो म्हणतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलही विचारणा झाली आहे. संदर्भ शोधायला, भाषांतराला मदत म्हणून ती जरूर घ्यावी. पण मरणाऱ्याचा हात हातात घेऊन जो कधी बसला नाही, त्याने लिहिलेला सांत्वनाचा उपदेश मला नको, मग लिहिणारा माणूस असो की यंत्र.

शेवटी ऑनलाइन उपासनेविषयी. २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात, सेंट पीटर्सच्या रिकाम्या चौकात उभे राहिले आणि जगभरच्या घरांतून लोकांनी त्यांच्याबरोबर प्रार्थना केली. तिला कमी लेखण्याची माझी हिंमत नाही. अंथरुणाला खिळलेल्यांना, रविवारी कामावर असणाऱ्यांना आजही तोच आधार आहे. संस्कारांचा, म्हणजे बाप्तिस्मा, प्रभुभोजन अशा पवित्र विधींचा, प्रश्न मात्र वेगळा. इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, असं व्हॅटिकनच्या दस्तऐवजात २००२ सालीच नमूद आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. कोविडच्या काळात काहींनी घरी भाकर आणि द्राक्षरस ठेवून पडद्यासमोर प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करणारा विधी, घेतलं, तर काही जण प्रत्यक्ष एकत्र येईपर्यंत थांबले. मी थांबणाऱ्यांच्या बाजूची आहे.

पण थांबायला सांगून भागत नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलंय. आभारप्रार्थना झाली की उपस्थितांना भाकरीचा वाटा मिळे आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक तो घेऊन जात. हे आपल्याला आज सहज जमण्यासारखं आहे, कारण घरून कोण पाहतंय हे आता आपल्याला आधीच कळतं. ज्या मंडळ्या थेट प्रक्षेपण करतात त्यांनी दर रविवारी ती नावं काढावीत. कॅमेरा बंद झाला की पाळकांबरोबर दोघांनी निघावं, आणि निघण्याआधी फोन करून त्या घरी सांगावं की आम्ही येतोय.