प्रवेश मिळाला, पदवीचं काय?

[दृश्य: सकाळ. न्यूयॉर्कचं भुयारी स्टेशन. फाटकाच्या खाचेतून पिवळं कार्ड ओढणारा हात.]

हे पिवळं कार्ड म्हणजे बरीच वर्षं चाललेला न्यूयॉर्कचा पास, मेट्रोकार्ड. भुयारी रेल्वे असो की बस, कार्ड ओढलं की आत जाता यायचं. या शहराचं सार्वजनिक विद्यापीठ आहे, सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क. २००७ साली या विद्यापीठानं आपल्या काही विद्यार्थ्यांना दर महिन्याला हे कार्ड फुकट द्यायला सुरुवात केली. पण ते सहज हातात पडत नसे. आपल्या सल्लागाराला भेटायचं, कसं चाललंय ते सांगायचं, तेव्हा पुढच्या महिन्याचं कार्ड मिळायचं.

ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला आमची एसटी आठवली.

गावाहून तालुक्याच्या कॉलेजला जाणाऱ्या त्या गाडीत आम्ही सात जणी होतो. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर पाच राहिलो. एकीचं लग्न झालं. दुसरीचा परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला. तिची शिष्यवृत्ती मंजूर होती, पण हप्ता जमा झाला नव्हता, आणि विलंब शुल्कासकट फॉर्म भरण्याइतके पैसे घरात नव्हते. दोन दिवस ती ऑफिसच्या खिडकीसमोर रांगेत उभी राहिली. तिसऱ्या दिवशी ती एसटीत नव्हती. ती नापास झाली नव्हती, तिला कोणी काढलंही नव्हतं. ती यायची थांबली, एवढंच. आणि हजेरी घेताना तिचा नंबर आला की सर थोडं थांबायचे, मग पुढचा नंबर घ्यायचे. ती कुठे गेली, हे विचारणं तिथे कोणाचंच काम नव्हतं.

[दृश्य: रिकामा बाक. मग अमेरिकेतल्या एका कॉलेजचा रिकामा वर्ग.]

अमेरिकेत अशा, यायचं थांबलेल्या माणसांची मोजदाद होते. कॉलेजात पाऊल ठेवलं, काही विषय पूर्णही केले, पण हातात पदवी नाही की प्रमाणपत्र नाही, अशी सुमारे ४ कोटी माणसं त्या देशात आहेत. त्यांतल्या अनेकांच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे. पदवी नाही आणि हप्ता मात्र चालू, अशी ही अवस्था.

हे मदतीअभावी झालं असंही म्हणता येत नाही. गरीब घरातल्या मुलांना आज पेल ग्रँट म्हणून जी मदत मिळते, तिचा कायदा १९७२ चा. ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबॉर्न पेल यांचं नाव तिला पुढे दिलं गेलं. २०२४-२५ या वर्षात ती जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती, आणि ती परत करायची नसते. म्हणजे दार उघडायची सोय पन्नास वर्षांपूर्वीच झाली. दारातून आत गेलेला मुलगा मागच्या दारानं कधी बाहेर पडला, हे बघायची सोय मात्र फार उशिरा सुचली. मला या सगळ्या विषयाचं मर्म इथेच दिसतं.

[दृश्य: कम्युनिटी कॉलेजचं प्रवेशद्वार. खांद्यावर बॅग, अंगावर दुकानाचा गणवेश असलेला विद्यार्थी.]

आता पुन्हा न्यूयॉर्क. इथली कम्युनिटी कॉलेजं म्हणजे कमी फीची, दोन वर्षांची असोसिएट पदवी देणारी कॉलेजं. दोन वर्षांची म्हणायची, पण दोन वर्षांत ती पुरी करणारे थोडेच. मुलं अर्धा दिवस नोकरी करतात, कोणी घरच्या लहानग्यांना सांभाळतात. गणित किंवा इंग्रजी कच्चं असलं की आधी पाया पक्का करणारे वर्ग करावे लागतात. या वर्गांना वेळ जातो, पैसा जातो, आणि पदवीच्या खात्यात त्यांचं काही जमा होत नाही. बरीच मुलं तिथेच अडकतात आणि त्यांचं कॉलेज सुटतं.

महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या काळात शहर सरकारनं गरिबीवर नवे उपाय करून बघण्यासाठी एक केंद्र काढलं होतं. त्याच्या पैशातून विद्यापीठानं एक कार्यक्रम सुरू केला. नाव लांबलचक आहे, ॲक्सिलरेटेड स्टडी इन असोसिएट प्रोग्रॅम्स. तोंडी सगळे ‘एसॅप’ म्हणतात. सहा कॉलेजं, आणि पहिल्या तुकडीत १,१३२ विद्यार्थी.

विद्यार्थ्यानं पूर्ण वेळ शिकायचं आणि कच्चे विषय सुरुवातीलाच उरकायचे. त्याच्या बदल्यात, इतर मदत मिळून फीत जी तूट राहील ती कार्यक्रम भरणार, पुस्तकांचा खर्च उचलणार, महिन्याचा पास देणार. आणि प्रत्येकाला स्वतःचा सल्लागार.

या सल्लागाराबद्दल जरा थांबून सांगायला हवं. त्याच कॉलेजांत नेहमीच्या सल्लागाराकडे ६०० हून जास्त विद्यार्थी असत. कोण कोण आहे हे त्याला माहीत असणंच शक्य नव्हतं. एसॅपमध्ये हा आकडा साठ-ऐंशीवर आणला. साठ-ऐंशी मुलं म्हणजे आपल्याकडचा एक वर्ग. चांगला वर्गशिक्षक एवढी नावं पाठ करतो, कोणाचे वडील आजारी आहेत हे त्याला ठाऊक असतं, आणि दोन दिवस कोणी दिसलं नाही तर तो शेजारच्या बाकाला विचारतो.

[दृश्य: छोटी खोली, समोरासमोर दोन खुर्च्या. टेबलावर पाकीट, पाकिटात कार्ड.]

इथे कार्डाची खरी करामत कळते. पास हवा म्हणून मुलगा सल्लागाराकडे येतो. आलाच आहे तर बोलणं होतं. बोलता बोलता निघतं की घरमालकानं खोली सोडायला सांगितलीय, किंवा गणिताच्या तासाला तो आठ दिवस गेलेलाच नाही. असा धागा वेळेवर हाती लागला की सुटणारं माणूस धरता येतं. पास घेऊन जाताना आपल्याला कोणी सांभाळून घेतंय असं त्याला वाटतही नसेल, आणि मला तेच फार आवडतं. यात कुठेही उपकाराची भाषा नाही.

हे सगळं नुसतं चांगलं वाटण्यावर सोडलं नाही. एमडीआरसी या संशोधन संस्थेनं तीन कॉलेजांतले ८९६ विद्यार्थी घेतले. सगळे कमी उत्पन्नाचे, सगळ्यांचे काही विषय कच्चे. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून काहींना एसॅप दिलं आणि बाकीच्यांना कॉलेजची नेहमीची व्यवस्था. तीन वर्षांनी मोजलं. नेहमीच्या व्यवस्थेतले सुमारे २२ टक्के पदवीपर्यंत पोचले होते, एसॅपमधले ४० टक्के. जवळपास दुप्पट.

खर्च अर्थातच वाढला. तीन वर्षांत दर विद्यार्थ्यामागे १६,००० डॉलरहून जास्त. पण पदव्या इतक्या वाढल्या की एका पदवीमागचा खर्च हिशेबात उलट कमी निघाला. जिथे कुठे शिक्षणाचं अंदाजपत्रक बनतं, तिथल्या टेबलावर हा हिशेब असावा असं मला मनापासून वाटतं.

पुढे ओहायो राज्यातल्या तीन कम्युनिटी कॉलेजांनी हाच साचा उचलला. तिथे भुयारी रेल्वे नाही, मुलं गाडीनं येतात. मग पासाऐवजी महिन्याला ५० डॉलरचं कार्ड दिलं, पेट्रोलला नाहीतर किराण्याला चालणारं. तीन वर्षांत ३५ टक्के पदवीधर, आणि कार्यक्रमाबाहेरचे १९ टक्के.

[दृश्य: वरच्या मॅनहॅटनमधलं कोलंबिया विद्यापीठ. पायऱ्या, पायऱ्यांवर बसलेले विद्यार्थी.]

याच न्यूयॉर्कमध्ये १९१३ साली एक तरुण मुंबईहून आला होता. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती होती, महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. भीमराव रामजी आंबेडकर. कोलंबियात त्यांनी किती वाचलं, किती लिहिलं, हे मराठी माणसाला सांगायला नको. पण पुढचं वळण बघा. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, अभ्यास ऐन भरात होता, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांचा हात, हे सगळं जुळून आलं तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसालाही मधली तीन वर्षं पैशासाठी थांबावं लागलं. आमच्या गाडीतल्या मुलीला परत न्यायला कोणीच आलं नाही.

[दृश्य: वॉशिंग्टन. शिक्षण खात्याची इमारत.]

२००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी जाहीर केलं की २०२० पर्यंत पदवीधरांच्या प्रमाणात अमेरिका पुन्हा जगात पहिली आली पाहिजे. त्या ध्येयावरून एका अनुदानाचं नाव पडलं, ‘फर्स्ट इन द वर्ल्ड’. २०१४ मध्ये पहिली फेरी झाली: साडेसात कोटी डॉलर, २४ कॉलेजं आणि विद्यापीठं. प्रवेश, खर्च आणि पूर्तता, म्हणजे शिक्षण पदवीपर्यंत नेणं, या तिन्हींसाठी नवी कल्पना आणा, पैसे घ्या, पण तिचा परिणाम पुराव्यानिशी मोजून दाखवा, असा या अनुदानाचा करार होता. सरकारी पैशाला अशी अट असणं मला फार मोलाचं वाटतं. इमारत बांधली की पैसा दिसतो. मुलगी कॉलेजात टिकली, हे मोजल्याशिवाय दिसत नाही.

[दृश्य: अटलांटा. जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटी, शहराच्या ऐन मध्यात.]

दुसऱ्या वर्षीच्या फेरीत ८९ लाख डॉलर जॉर्जिया स्टेटला मिळाले. हे विद्यापीठ आधीच काहीतरी वेगळं करत होतं. २००३ मध्ये इथे शंभरातले ३२ विद्यार्थी सहा वर्षांत पदवी घेत. टिम रेनिक हे मूळचे धर्मांच्या अभ्यासाचे प्राध्यापक. त्यांच्या पुढाकारानं विद्यापीठानं स्वतःचीच आकडेवारी उलगडली, तेव्हा दिसलं की चांगले चाललेले, शेवटच्या वर्षांत आलेले विद्यार्थी थोड्या थकबाकीपायी पटावरून उतरवले जात होते. काहींची थकबाकी होती ३०० डॉलर.

२०११ पासून विद्यापीठानं ती रक्कम स्वतः भरायला सुरुवात केली. विद्यार्थ्यानं अर्ज करायचा नाही. उत्पन्नाचा दाखला नाही, झेरॉक्स नाही, खिडकीची रांग नाही. कोणाचं किती अडलंय हे विद्यापीठाकडे आधीच नोंदलेलं असतं. तेच शोधतात, तेच खात्यात पैसे भरतात आणि मग विद्यार्थ्याला कळवतात. सोबत ४२ नवे सल्लागार नेमले. विषयाची चुकीची निवड, पहिल्याच परीक्षेतले कमी गुण, अशा ८०० हून जास्त खुणांवर संगणक नजर ठेवू लागला, आणि खूण उमटली की सल्लागाराचा फोन जाऊ लागला. २०१४ पर्यंत ३२ चे ५४ टक्के झाले.

केंद्र सरकारच्या अनुदानातून हीच सल्ल्याची पद्धत ११ सार्वजनिक विद्यापीठांत १०,००० विद्यार्थ्यांवर तपासली गेली. जॉर्जिया स्टेटमध्ये चांगला फरक दिसला. अकराही विद्यापीठं एकत्र धरली तेव्हा मात्र ठळक फरक निघाला नाही. हे सांगायलाच हवं. संगणकाची खूण सगळीकडे नेता येते. फोन करणारं माणूस, त्या माणसाला मिळणारा वेळ, आणि पैसे लगेच भरण्याची ताकद, हे त्या त्या ठिकाणी उभं करावं लागतं.

आणि मग जे झालं त्याचं मला अजून वाईट वाटतं. दोन फेऱ्यांनंतर, २०१६ च्या अंदाजपत्रकात काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, ‘फर्स्ट इन द वर्ल्ड’ला पैसेच दिले नाहीत. प्रयोगांचे निकाल यायचे होते. मधेच सुटणाऱ्या मुलांसाठी काढलेली योजना मधेच सुटली.

[दृश्य: एसॅपचा पदवीदान समारंभ. झग्यातले विद्यार्थी, मागे घरची माणसं.]

एसॅप टिकलं, कारण शहरानं आणि विद्यापीठानं ते सोडलं नाही. ११०० मुलांपासून निघालेला कार्यक्रम सुमारे २५,००० पर्यंत गेला. केंद्रातही पुन्हा हालचाल झाली. २०२२ मध्ये काँग्रेसनं विद्यार्थ्यांच्या पूर्ततेसाठी नवं अनुदान काढलं, सुरुवातीला जेमतेम ५० लाख डॉलर. पुढच्याच वर्षी ते साडेचार कोटी झालं. कॉलेज सुटलेली माणसं परत आणणं, हेही त्या अर्जात मांडता येऊ लागलं.

[दृश्य: सल्लागाराची तीच छोटी खोली. दारात एक बाई, वय चाळिशीच्या आसपास, हातात जुनी गुणपत्रिका. सल्लागार खुर्ची पुढे करते.]